नळ बंद, तरी पंप सुरू

चाकांवरच्या घरातली पाण्याची गळती शोधायची, तर ओल्या डागाच्या मागे जाऊन भागत नाही. पाण्याच्या दाबामागे जावे लागते.

जानेवारीतली रात्र. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात क्वार्टझसाइट गावाबाहेरच्या वाळवंटात मोटारघरांच्या रांगा उभ्या आहेत. उत्तरेकडची कडाक्याची थंडी टाळण्यासाठी दर हिवाळ्यात हजारो लोक आपले चाकांवरचे घर घेऊन इथे येतात. मोकळ्या वाळवंटात नळजोडणी नसते. गाडीतल्या टाकीत भरून आणलेले पाणीच पुरवून वापरायचे. अशाच एका गाडीत सगळे झोपले आहेत, सगळे नळ बंद आहेत. तेवढ्यात पलंगाखालून ‘घर्रर्र’ असा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांत थांबतो. अर्ध्या तासाने पुन्हा तोच आवाज. मग पुन्हा.

सकाळी पाहावे तर कुठे थेंबही नाही. ‘पंप जुना झाला असेल’ असे म्हणून विषय संपतो. दोन महिन्यांनी सिंकजवळची जमीन पायाखाली दबू लागते, कपाट उघडले की कुबट वास येतो आणि झोपताना खोकल्याची ढास लागते. गळती त्या पहिल्या रात्रीच सुरू झालेली असते. पंप ती सांगतही असतो. त्याची भाषा तेवढी कळलेली नसते.

अशा गाड्यांना अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा थोडक्यात ‘आरव्ही’ म्हणतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय आणि झोपण्याची जागा हे सगळे एका गाडीत बसवलेले असते. इंडियाना राज्यातला एल्कहार्ट परिसर हे या उद्योगाचे मुख्य केंद्र. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबेही सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्याने बघायला निघतात. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडी कुठलीही असो, तिच्यातल्या पाण्याचे शास्त्र सगळीकडे एकच.

पंपाला कसे कळते?

घरात पाणी गच्चीवरच्या टाकीतून उताराने येते. गाडीला गच्चीवरची टाकी परवडत नाही. पाण्याची टाकी खाली, जमिनीलगत असते आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप पाणी नळापर्यंत ढकलतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो, पंपावरच्या दाबकळीला ते कळते आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब पुन्हा चढतो आणि ठरावीक मर्यादेला पंप आपोआप थांबतो. ही मर्यादा साधारण ४५ ते ५५ पीएसआय असते. म्हणजे सुमारे ३२ ते ३९ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. दहा-बारा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला जेवढा दाब मिळेल, तेवढा दाब या छोट्या गाडीतल्या प्लास्टिकच्या नळ्या आणि सांधे सोसत असतात.

पाणी जवळपास दाबले जात नाही. हवेसारखे ते आक्रसत नाही किंवा फुगत नाही. म्हणून बंद नळीतून थोडेसे पाणी निसटले तरी दाब चटकन उतरतो आणि पंप तो भरून काढायला धावतो. नळ बंद असताना पंप मधूनच सुरू होण्याचा अर्थ एवढाच, की पाणी कुठून तरी निसटते आहे. दोन आवाजांमधला वेळ हे त्या गळतीचे मोजमाप. वैद्य नाडी मोजतात तसे घड्याळ लावून हा वेळ लिहून ठेवावा. पाच मिनिटांनी वाजणारा पंप मोठी गळती सांगतो, तासाने वाजणारा लहान. काही गाड्यांत दाब साठवणारी छोटी टाकी बसवलेली असते. तिथे हे अंतर वाढते, पण आवाजाचा अर्थ बदलत नाही.

लहान गळती म्हणजे किती? सेकंदाला एक थेंब धरू. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४.३ लिटर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी होते. मध्यम आकाराच्या आरव्हीची टाकी साधारण एवढीच असते. म्हणजे दर महिन्याला एक टाकीभर पाणी जमिनीखालच्या लाकडात मुरत राहते आणि वर काहीच दिसत नाही.

दिसते तिथे गळत नाही

काही दिसत नाही, याचे कारण गाडीच्या बांधणीत आहे. वरचे आवरण, त्याखाली प्लायवूड किंवा दाबलेल्या लाकडाचा तक्ता, त्याखाली उष्णतारोधक थर आणि सर्वात खाली बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा पन्हळी पत्रा, असे जमिनीचे थर असतात. सिंकखालच्या सांध्यातून निसटलेले पाणी तक्त्याच्या भेगेतून खाली जाते, लोखंडी चौकटीवरून उताराकडे धावते आणि कुठल्या तरी छिद्रातून चाकाजवळ टपकते. गाडी तिरपी उभी केली की टपकण्याची जागाही बदलते. कधी ते टपकतही नाही. खालच्या पत्र्यावर साठून त्याला पोट येते.

म्हणून ओल दिसली की तिथेच खोदकाम सुरू करणे ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे सापडलेला प्रत्येक सांधा जोर लावून आवळणे. त्याने चांगले सांधेही बिघडतात. आधी विचारायचा प्रश्न ‘कुठे ओले आहे?’ हा नाही. ‘कधी ओले होते?’ हा आहे.

पंप सुरू असतानाच ओल वाढते आणि बंद ठेवल्यावर थांबते, तर दोष दाबाच्या नळ्यांत आहे. पंप शांत आहे, पण भांडी घासल्यावर किंवा अंघोळीनंतर पाणी दिसते, तर सांडपाण्याच्या बाजूला पाहावे. पंप, नळ सगळे बंद असूनही पावसानंतर ओल येते, तर पाणी छतावरून शिरते आहे. छतावरच्या झरोक्याभोवतीचे, खिडक्यांचे आणि बाहेरच्या दिव्यांचे सील तपासायला हवे. थंडीच्या सकाळी फक्त खिडक्या आणि भिंती ओलसर असतील, तर ती गळती नव्हे. श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ थंड पृष्ठभागावर जमते, एवढेच. या चार प्रश्नांनी निम्मे काम होते, आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही.

अर्धे-अर्धे करत जायचे

दोष दाबाच्या बाजूला आहे असे ठरले, की हे जाळे तुकड्यांत विभागायचे. आत हात घालण्यापूर्वी बाहेरून आलेली वीजजोडणी काढून ठेवावी, पाणी तापवण्याचा हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा. ओल्या कप्प्यात वीज आणि पाणी एकमेकांच्या हातभर अंतरावर असतात.

पहिला संशयित पंप स्वतःच. त्याच्यात एक एकमार्गी झडप असते. दाबाखालचे पाणी उलटे टाकीत जाऊ नये यासाठी ती असते. झडपेत कचरा अडकला किंवा तिचे रबर झिजले, की पाणी मागे टाकीत परतते. दाब उतरतो, पंप वाजतो, पण बाहेर थेंबही येत नाही. याची परीक्षा सोपी आहे. नळजोडणी असलेल्या ठिकाणी गाडी बाहेरच्या नळाला जोडावी, पंप बंद ठेवावा आणि टाकीची पातळी बघावी. टाकी आपोआप भरू लागली, तर दोषी झडप सापडली. अशा वेळी सगळी गाडी उकलणारे लोक असतात आणि दुरुस्ती मात्र पंपाच्या डोक्यापुरतीच असते.

बाहेरचा नळ जोडायच्या तोंडाशीही अशीच एकमार्गी झडप असते. पंप सुरू असताना त्या तोंडातून बाहेर थेंब पडत असतील, तर दोष तिथे.

हे दोन्ही निर्दोष ठरले, की पुढे सरकायचे. शौचालयाच्या नळीला बंद करण्याची तोटी असेल तर ती बंद करावी आणि पंपाच्या दोन आवाजांमधला वेळ पुन्हा मोजावा. आवाज थांबला, तर गळती त्या तोटीपलीकडे. नाही थांबला, तर हीटरकडे येणारी आणि जाणारी नळी तिथल्या झडपांनी वेगळी करून पाहावी. मग बाहेरच्या अंघोळीचा नळ. हा बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूला असतो आणि सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला असतो. एकेक भाग वगळत गेले की संशयाची जागा आक्रसत जाते.

शेवटी चार-पाच सांधे उरतात. तिथे कोरडा टिश्यू पेपर कामाला येतो. प्रत्येक सांध्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची आणि तासाभराने बघायचे. बोटाला न कळणारी ओल कागदावर लगेच डाग पाडते. पुसलेल्या जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरली तर थेंबाची वाटही उमटते. शौचालयाच्या मागची झडप, सिंकखालचे फिरत्या चाकीचे सांधे, पाण्याच्या गाळणीचे भांडे आणि हीटरची जोडणी या नेहमीच्या जागा.

सांडपाण्याच्या बाजूला मात्र दाब नसतो, त्यामुळे पंप काहीच सांगत नाही. तिथे रंग मदतीला येतो. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये बूच लावून पाणी भरावे, त्यात खाण्याचा लाल रंग घालावा. न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये हिरवा. मग बूच एकदम काढून सगळे पाणी एका दमात सोडावे. बारीक धारेला न गळणारा सांधा लोंढ्याला गळतो. खाली जो रंग उतरेल, त्यावरून वाट कळते.

बाहेर न सांडणारी गळती

एक गळती तर कधीच ओल दाखवत नाही. टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत पंप चालू असताना दाब नसतो, ओढ असते. तिथला सांधा सैल असेल तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. नळातून पाणी फुरफुरत येते, पंप खूप वेळ चालतो, पण दाब काही चढत नाही. टाकीत पाणी असूनही असे होत असेल, तर या आखूड नळीचे सांधे, पंपापुढची गाळणी आणि तिचे रबरी कडे आधी बघावे.

आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. फटीतून पाणी बाहेर जाऊ शकते तसे, ओढ निर्माण झाली की बाहेरची घाण आतही येऊ शकते. गळणारी नळी नुसते पाणी वाया घालवत नाही. पाण्याच्या शुद्धतेचे दारही उघडे ठेवते.

सांधे का सुटतात?

इमारतीतली नळी एकदा बसवली की जागची हलत नाही. आरव्हीतली नळी मात्र तासन् तास हादरत असते. आताच्या गाड्यांत पेक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या नळ्या असतात. त्या स्वतः सहसा फुटत नाहीत, त्यांना जोडणारे सांधे सुटतात. प्लास्टिकच्या चाक्या हादऱ्यांनी सैल होतात आणि सैल झाल्या म्हणून पान्याने जोरात आवळल्या की तडकतात. अशी चाकी हाताने घट्ट करून, पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. तिच्यात रबरी वायसर असेल, तर पाणी वायसर अडवतो, आटे नव्हेत. तिथे टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी उपयोग नाही, वायसर बदलावा.

दुसरा शत्रू गोठण. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. नळीत बर्फाचा गोळा वाढू लागला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब प्रचंड चढतो आणि सर्वात कमकुवत जागा फुटते. ती जागा बर्फापासून दूरही असू शकते. बर्फ आहे तोवर गळतीही दिसत नाही. ती दिसते वसंतात, पहिल्यांदा पंप लावल्यावर. म्हणून हिवाळ्यापूर्वी नळ्या रिकाम्या करतात आणि त्यात प्रोपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी गोठणरोधक भरतात. मोटारीच्या रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल इथे कधीही वापरू नये. ते विषारी आहे.

तिसरे कारण बाहेरच्या नळाचा बेभरवशाचा दाब. काही ठिकाणी तो गाडीच्या पंपापेक्षा बराच जास्त असतो. नळाशीच दाबनियंत्रक लावला, की हा धोका टळतो.

दुरुस्तीत पळवाट चालत नाही. गळत्या सांध्यावर बाहेरून लेप थापला, तर आतला दाब त्याला ढकलून वाट काढतो. खराब भाग कापून काढावा, नळी काटकोनात स्वच्छ कापावी, नवा जोड घालावा आणि योग्य अवजाराने कडे दाबावे. अवजार नसेल तर ढकलून बसणारे जोडही मिळतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या काही गाड्यांत पॉलिब्युटिलीनच्या करड्या नळ्या आहेत. त्या पेक्ससारख्याच दिसल्या तरी त्यांचा आतला व्यास वेगळा असतो, म्हणून त्यांना पेक्सशी जोडताना खास त्यासाठीचा जोड लागतो.

ओल आणि श्वास

गळती थांबली म्हणजे काम संपले, असे नाही. आत मुरलेले पाणी तसेच असते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे त्रास, ॲलर्जी आणि दमा यांचे प्रमाण वाढते, असे त्यात म्हटले आहे. आरव्हीत तर हवाच मोजकी. छोट्याशा बंद जागेत तीन-चार माणसे रात्रभर तीच हवा घेत असतात. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा त्रास आधी होतो. गाडीत खोकला येतो आणि बाहेर पडल्यावर थांबतो, हे लक्षण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

दाबलेल्या लाकडाच्या तक्त्यांत वापरलेल्या काही डिंकांतून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्या अनेक कुटुंबांना अमेरिकी सरकारने अशा फिरत्या घरांत ठेवले होते. तिथल्या तक्रारींनंतर ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेने ५१९ घरांची हवा तपासली. फॉर्माल्डिहाइडची सरासरी पातळी ७७ पीपीबी निघाली, नेहमीच्या अमेरिकी घरांपेक्षा जास्त. त्याचा उगम नळगळतीत नव्हता, लाकडात होता. पण बंद जागा, उष्णता आणि ओल एकत्र आल्यावर हवेचे काय होते, हे त्यातून दिसले.

म्हणून भिजलेला भाग उघडा करावा, पंखा लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फुगलेला, भुगा होऊ लागलेला तक्ता काढूनच टाकावा. त्यावर ब्लीच ओतून बुरशी मरत नाही. पृष्ठभाग पांढरा होतो आणि मुळे आत राहतात.

नळी उघडून दुरुस्त केली असेल तर टाकी आणि नळ्या निर्जंतुक कराव्यात. टाकीतल्या पाण्यात दर लिटरला साधारण एक मिलिलिटर बिनवासाचे घरगुती ब्लीच मिसळावे, त्याचा वास येईपर्यंत प्रत्येक नळ सोडावा आणि काही तास तसेच ठेवावे. नंतर वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा ॲसिडचे क्लीनर कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

शेवटची तपासणी

दुरुस्ती झाली की सगळ्यात मोठा मोह असतो तो फळी ठोकून मोकळे होण्याचा. तो आवरायला हवा. पंप सुरू करावा, सगळे नळ बंद करावेत, दाब चढून पंप थांबला की घड्याळ बघावे. सांध्यांभोवती कोरडा कागद गुंडाळून ठेवावा आणि रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी तासभर खडबडीत रस्त्यावरून गाडी फिरवून आणावी आणि पुन्हा तेच करावे, कारण उभ्या गाडीत टिकलेला सांधा चालत्या गाडीत टिकेलच असे नाही. त्यानंतरही कागद कोरडा असेल, तरच फळी बसवावी.

वर्षातून दोनदा, विशेषतः हिवाळा संपल्यावर, एवढी एक रात्र दिली तरी बहुतेक गळत्या जमीन कुजण्याआधीच हाती लागतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. झोपण्यापूर्वी पंप सुरू ठेवायचा आणि कान द्यायचा. रात्रभर आवाज आला नाही, तर घर कोरडे आहे.